वाशाला अस्तर

आमच्या कऱ्हाटीच्या घरावर पत्रा होता आणि आई त्याखाली दिवसभर लोकांचे कपडे शिवायची. वडील गेल्यावर घर तिच्या मशीनवरच चालत होतं, मी बारामतीला कॉलेजात जात होते तेही त्याच मशीनवर. एका उन्हाळ्यात तिला भर दुपारी दोनदा घेरी आली. मी म्हटलं, बास, पत्रा काढायचा आणि कौलं घालायची.

गावातले सुतारतात्या आले, मान वर करून म्हणाले, "वासं पेलायचं न्हाईत, वहिनी. कौलाचं वजन लई. आन् बायामाणसांनी ह्यात पडू ने."

हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर मी गप्प बसलेही असते.

"विरलेल्या कापडाला मी अस्तर लावते," आई म्हणाली. "तसं वाशालाबी लावू."

मामा उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्यानं लाकूड आणलं आणि आम्ही तिघांनी प्रत्येक जुन्या वाशाला नवा वासा बोल्टांनी आवळला. शिवणकाम करणाऱ्या बाईनंच करावी अशी चूक आईनं केली. अस्तर कापडाच्या अंगानं जातं आणि कडेला थोडं आखूड असतं, म्हणून नवं लाकूडही तिनं वाकलेल्या जुन्याच्या बाकाप्रमाणे आणि थोडं आखूड छाटायला लावलं. त्याची टोकं ना भिंतीला टेकली, ना वरच्या आढ्याला. तात्या बघून पोट धरून हसले. "आवो, ह्ये तर जुन्यालाच लोंबकळतंय!"

मला रडू आलं. आईला राग आला. "काढा समदं," ती म्हणाली.

छाटलेल्या लाकडांचे आम्ही टेकू केले. त्यांच्याखाली ट्रॅक्टरचा जॅक लावून मामानं वाकलेले वासे हळूहळू सरळ उचलले. मग आणखी लाकूड आणून भिंतीपासून आढ्यापर्यंत पुरतील असे नवे वासे जुन्यांना जोडले. पत्रा उतरला, कौलं चढली.

शेवटचं कौल बसलं तेव्हा आई पदर खोचून शिडीवरून वर गेली आणि कौलांवर टाकलेल्या फळीवर उभी राहिली. सगळी आळी बघत होती.

"वहिनी, उतरा! छप्पर बसंल!" तात्या ओरडले.

"तुमी आत जाऊन माज्या मशीनवर बसा तात्या, मग उतरते."

एवढ्या लोकांसमोर तात्यांना माघार घेता येईना. ते आत जाऊन मशीनपाशी बसले, नजर वर लावून. आईनं फळीवर दोनदा पाय आपटले आणि मगच ती उतरली.