तळघराचा बोळा

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. चुलीपुढे एकटी बसूनसुद्धा कधी पुटपुटले नाही. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका.

डिचोलीला आमचं घर उतारावर, गोवा सुटल्यावर सासऱ्यांनी बांधलेलं. पुढून बैठं, मागून तळघर. माझे यजमान गेले, वाटण्या झाल्या, तळघर मोठ्या जावेकडे गेलं आणि मागचं परस माझ्याकडे. तळघरातलं पाणी जायला भिंतीत तळाशी एक भोक आहे, ते माझ्या परसात उघडतं. उंदीर-साप शिरू नयेत म्हणून उन्हाळ्यात त्यात नारळाच्या सोडणांचा, वरच्या काथ्याळ सालींचा, बोळा कोंबायचा आणि मिरगाच्या पावसाआधी काढायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून हे काम माझं.

वैधव्याचं वर्ष सरल्यावरच्या चवथीला मी गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळांची माटोळी बांधायला गेले. दरवर्षी मीच बांधायची ना? हातात रानातल्या कांगल्यांचा झुबका होता. जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "माटोळीक तुजो हात नाका गो. शुभाचें काम."

झुबका खाली ठेवला. पण ते बोलणं मी वर्षभर पोसलं — कोंबडी पोसावी तसं, रोज दाणे टाकून.

पुढच्या मिरगाला बोळा काढला नाही. विसरले म्हणू? नाही. टाचेने आणखी आत दाबला.

पाऊस लागला आणि तळघर गुडघाभर भरलं. जावेचं पावसाळ्यासाठी साठवलेलं सगळं पुरुमेंत तिथेच — सुकी मासळी, मिरच्या, कोकमाची सोलं वर तरंगत होती. गुळाच्या ढेपा तर विरघळूनच गेल्या. जाऊ ओचे खोचून, रडत रडत घागरीने पाणी उपसत होती. मीही उपसू लागले. खोटं कशाला बोलू — मला बरं वाटलं. यजमान गेल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

मग परसात जाऊन कुणी बघत नाहीसं पाहून बोळा उपटला आणि माडाच्या मुळाशी फेकला. पाणी भळभळा गेलं. जावेने विचारलं, तुंबलं कशानं? मी तो कधीच काढल्याचं सांगून आळ आतल्या माणसांवर ढकलला — "बोळो हांवें केन्नाच काडलो. भितरल्यान कोणें तरी केर लोटलो आसतलो."

तळघर झाडलं होतं सुनंदाने — जावेच्या नव्या सुनेने. हळर्णची पोर, मला काकी काकी करत मागे फिरणारी. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. म्हणूनच तर बोलले. जावेच्या घरात भांडण पेटलेलं मला हवं होतं.

त्या चवथीला सुनंदाचे वडील लेकीच्या सासरी द्यायचं पहिलं वोजें घेऊन आले. नेवऱ्या-लाडवांची पाटी डोक्यावर, नवं धोतर. जाऊ दारातच लेकीवर आळ घेत त्यांना म्हणाली, "तुमच्या चेडवान म्हज्या घरांत उदक घातलें." त्यांच्या डोक्यावरची पाटी उतरवून घ्यायला कुणी पुढे झालं नाही. सुनंदा आत माटोळीखाली उभी राहून ऐकत होती. मी खांबाला टेकून होते. एक वाक्य पुरलं असतं — नाही का? मी जावेचा चढलेला आवाज ऐकत राहिले. गोड लागत होता तो.

जाऊ आता नाही. घर सुनंदा चालवते, मला जेवायला वाढते. गेल्या मिरगाला तिने बोळा काढला, भोकात बोट फिरवून पाहिलं. दरवर्षी पाहते. मग म्हणाली, "काकी, त्या वर्सा हांवेंच केर लोटलो आसतलो, न्हय गो?"

मी म्हटलं, "आसतलो."