शेजारच्याच्या वाट्याचं हातभर

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तिला सगळे 'हट्टीबाई' म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. आणि खोटं कशाला बोला, बाई होतीच तशी! हातात घेतलेलं काम तडीस जाईपर्यंत स्वतः जेवायची नाही आणि दुसऱ्यालाही जेवू द्यायची नाही.

त्या दिवशी हट्टाला कारणही तसंच होतं. शहराला पाणी देणाऱ्या तलावाच्या बांधाला पायाशी कुठंतरी भोक पडलं होतं आणि पाणी रोज चार बोटं खाली चाललं होतं. भोक शोधायला हट्टीबाईचे सहा रोबो पाण्यात सोडले होते, सुटकेसएवढे, पिवळेधमक. प्रत्येकाला तळाचा एकेक पट्टा वाटून दिलेला. बारापर्यंत भोक सापडलं नाही तर पाणबुड्या उतरणार होता. पाणबुड्या एकच, साठी ओलांडलेला, एका कानानं बहिरा. तो तिचा बाप.

असल्या भोकाजवळ गेलेल्या माणसाला पाणी ओढून धरतं, हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

"बाबा, डॉक्टरांनी नको म्हटलंय ना?"

"डॉक्टरांचं काय जातंय बोलायला! शहरानं पाणी कुठून प्यायचं?"

साडेदहाला सहाही रोबो वर आले. बांधावर मांडलेल्या पडद्यावरचा नकाशा हिरवागार. सगळा तळ पाहून झाला म्हणे, आणि भोक कुठंच नाही!

"झाली तुमची खेळणी फिरवून," साहेब म्हणाले. "आता वडिलांना उतरू द्या."

खेळणी म्हणे! बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नकाशा तर हिरवा होता, बोलणार काय?

बाप बांधावर बसून जड बूट चढवत होता. "आम्ही सहाजण रांगेत उतरायचो ना," तो सहज बोलून गेला, "तेव्हा शेजारच्याच्या वाट्याचं हातभर आपणच चाचपायचो. 'तो बघेल' म्हणून सोडलं की ते राहिलंच."

"अगं बाई!" तिनं कपाळावर हात मारून घेतला. टक्कर होऊ नये म्हणून दुसरा जवळ आला की बाजूला व्हायचं, हे रोबोंना तिनंच शिकवलं होतं. पट्ट्यांच्या सीमेवर दोघंही बाजूला झाले, मधली जागा कुणीच पाहिली नाही, आणि दोघांनीही आपलं काम झाल्याचं कळवून टाकलं!

तिनं चटाचटा हुकूम बदलले. आधी एक, तीन, पाच नंबरचे पाण्यात जातील, बाकीचे थांबतील. फक्त सीमा बघायच्या, आणि शेजारच्याच्या पट्ट्यात हातभर शिरायचं.

"बारा वाजेपर्यंत माझ्या बापाला कुणी पाण्यात उतरवायचं नाही," तिनं साहेबांना ठणकावलं.

पावणेबाराला तीन नंबरचा रोबो चौथ्याच्या सीमेवर थरथरला. पडद्यावर गाळ गरगरत एका ताटाएवढ्या भोकात जाताना दिसला, आणि दुसऱ्या क्षणी रोबोच तिकडे ओढला जाऊन भोकाला गच्च चिकटला. पडदा काळा झाला. जागा सापडली होती, पण टाळी कुणी वाजवली नाही.

बाप त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिला. मग बुटाचा पट्टा सोडायला वाकला, तर तीनदा ओढूनही पट्टा सुटेना.

"सकाळपासून भीती वाटत होती गं," तो हळूच म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर उतरता आलं नसतं."

हट्टीबाई खाली बसली आणि त्याचा बूट ओढून काढू लागली.