दोन पंखांमधलं लाकूड

ग्वाल्हेर सोडलं त्या सकाळी बाबा स्टेशनवर आले नाहीत. हरिशंकरपुरमच्या घराच्या दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "तू जा बेटा, मी रोकत नाही. पण ते वाद्य इथेच राहील." मीही हट्टाला पेटले होते. "ठेवा मग तुमच्याकडेच," म्हणून रिक्षात बसले. माझ्या हातावर दही घालायचं राहिलं म्हणून आई वाटी घेऊन धावत आली, तोवर रिक्षा निघाली होती.

ते वाद्य म्हणजे इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची इलेक्ट्रिक गिटार; कॉलेजच्या मैत्रिणीकडून आलेली जुनी नक्कल. बसून वाजवायची तर आपली मांडी तिच्या दोन पंखांच्या मध्ये अडकवावी लागते, नाहीतर ती सरळ घसरते. मला तसं बसलेलं पाहून बाबांनी आकाशपाताळ एक केलं. आमचे पूर्वज दक्खनमधून दरबारचे पुजारी म्हणून आलेले. पुजारीपण गेलं, बाबा बँकेत लागले, पण पेटीला चुकून पाय लागला तर आम्ही अजून हात लावून नमस्कार करतो. "वाद्याला टांगांत धरतात का? हद्द झाली!" हे त्यांचं वाक्य मी बर्मिंगहॅमपर्यंत सोबत नेलं.

इथे मी गिटारदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काम करते. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना ठाऊक असेल, परक्या गावात एखादीच ओळखीची वस्तू दिसते आणि जीव तिच्यात अडकतो. माझा दुरुस्तीला येणाऱ्या 'व्ही'मध्ये अडकला. ती अमेरिकेत प्रथम निघाली ते रॉकेटांचे दिवस होते. कंपनीला वाटलं, नवा जमाना आपणच आणला. लोक हसले. काही दुकानदारांनी म्हणे ती पाटीसारखी नुसती टांगून ठेवली. मांडीवरून घसरू नये म्हणून तिच्या कडेला रबराची पट्टी होती. म्हणजे बाबांची तक्रार कारखान्यालाही माहीत होती! लवकरच ती गिटार बनवणंच बंद झालं. मग काही ब्लूजवाल्यांनी आणि पुढे रॉकवाल्यांनी तिला उचललं, आणि टाकून दिलेल्या मॉडेलचे दिवस पालटले. हे बाबांना सांगायचं मी दर फोनला ठरवायचे. बोलायचो मात्र थंडी-उन्हाबद्दल.

बाबा गेले तेव्हा मी वेळेत पोहोचू शकले नाही. दिवसकार्य उरकल्यावर आईनं दिवाणातून गिटार काढली. मी बघतच राहिले. दोन पंखांमधली जागा सागवानी लाकडानं भरून टाकली होती आणि खालची कड घासून गोल केली होती.

"किला गेटच्या सुताराकडून करवून घेतलं," आई म्हणाली. "खुद समोर बसून. म्हणाले, पोरीला आता नीट मांडीवर घेऊन वाजवता येईल. तू आलीस की दाखवणार होते."

धंद्याच्या नजरेनं ती गिटार कामातून गेली होती. आधी मला संतापच आला. मग हुंदका आवरेना.

"बिघडवलं का गं त्यांनी?" आईनं घाबरून विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

मी सतरंजीवर मांडी घालून बसले आणि गिटार मांडीवर घेतली. ती जागची हलली नाही.

आई आता इंदूरला दादाकडे राहते, हरिशंकरपुरमचं घर विकलं गेलं. गिटार माझ्याबरोबर इथे आली. लोकांनी केलेल्या चुकीच्या दुरुस्त्या काढून टाकणं हेच माझं रोजचं काम आहे. ही एक मी काढणार नाही. घर म्हणून माझ्याकडे आता एवढीच उरली आहे.