रेडिएशनवाली रुचिका

पवनीच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या नाटकांच्या जत्रेत, रुचिकाचा सत्कार झाला, तेव्हा तिच्या मागच्या बॅनरवर अणुबॉम्बच्या स्फोटाचा ढग होता. तिचा भाऊ कुंदन याने तो हौसेने छापून आणला होता. मोबाइलवर 'रेडिएशन' शोधलं की हाच फोटो आधी येतो, त्याला तो तरी काय करणार? भाषण चंद्रकुमारांचं होतं. निवडणूक कोणतीही असो, ते उभे राहतात. पवनीच्या कन्येने असं यंत्र केलंय की शत्रू थरथर कापेल, असं त्यांनी जाहीर केलं, शाल-नारळ दिलं, आणि रुचिका दोन शब्द बोलायला उठली तेव्हा नाटकाला उशीर होतोय म्हणून तिच्या हातातला माइक काढून घेतला.

त्यामुळे ती नेमकं काय करते हे गावाला कळायचं राहूनच गेलं. ती दिल्लीच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. परदेशात जमिनीखालच्या बोगद्यात अतिसूक्ष्म कणांच्या टकरा घडवतात. टकरीतून उडालेला कण कुठून गेला हे सिलिकॉनच्या पातळ चकत्या सांगतात. त्यांना सेन्सर म्हणतात. पण वर्षानुवर्षं कणांचा मारा सोसून चकत्याही बिघडतात आणि भलतंच सांगू लागतात. म्हणून कोणती चकती किती मार खाऊन शहाणी राहते, हे आधीच तपासावं लागतं. मारा होतो दुसरीकडे, अणुभट्टीत. रुचिकाच्या टेबलावर येतात त्या मार खाऊन आलेल्या. त्यांना कडक थंडीत ठेवायचं, विजेचा दाब चढवत न्यायचा आणि वीज किती गळते ते मोजायचं. त्यातलाही बराचसा वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहत बारीक सुई नेमक्या जागी टेकवण्यात जायचा. शत्रूने कापावं असं त्यात काही नव्हतं.

हे घरात एका माणसाला कळलं होतं. तिचे वडील गोपाळराव उमेदीत हातमागावर बसलेले, आता साड्यांच्या दुकानात बसत. रुचिकाने त्यांना चकतीचा मोठा केलेला फोटो दाखवला. केसाहून बारीक पट्ट्या, एकीला लागून एक. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तू तुटला धागा शोधून राहिली." इतकं नेमकं आजवर कोणी ओळखलं नव्हतं. तिला बापाचा फार अभिमान वाटला. तो आठवडाभर टिकला.

आठवड्याने भंडाऱ्याहून स्थळ आलं. मुलगा भूपेंद्र, स्वतःचं एक्स-रे सेंटर. त्याची आई पुष्पाबाई सत्काराचा व्हिडिओ पाहूनच आली होती. रुचिका शेजारी बसताच बाईंनी खुर्ची हळूच पलीकडे सरकवली. पोहे झाल्यावर तिच्या आईला, शेवंताबाईंना, स्वयंपाकघरात गाठून विचारलं, की रेडिएशनवालीला पोरं होतात का? नागपूरच्या डॉक्टरचा दाखला मिळाला तर आपली काही हरकत नाही, असं मोठ्या मनाने सांगितलं.

रुचिकाने समजावून पाहिलं. हातमोजे असतात, कोटावर किरणं मोजणारा बिल्ला असतो, त्यावर आजवर काही आलेलं नाही. पुष्पाबाईंनी ते दारावर आलेल्या विक्रेत्याचं ऐकतात तसं ऐकून घेतलं. पण तिला खरं लागलं ते नंतर. गोपाळरावांनी डॉक्टरकडे नंबर लावूनही टाकला होता.

"बाबा, तुमाले तर समजलं होतं ना?"

"मले समजलं बेटा. पण लोकायले कोण समजावणार?"

मुलाचं घर पाहायला वडील भंडाऱ्याला निघाले तेव्हा तीही बसमध्ये चढून बसली.

एक्स-रे सेंटर घराच्या खालीच होतं. भूपेंद्रने मशीन कौतुकाने दाखवलं. किरणं अडवणारा शिशाचा ॲप्रन दारामागे खिळ्याला लटकत होता आणि त्याच्यावर छत्री. तेवढ्यात हात मोडलेल्या लेकराला घेऊन एक बाई आली. भूपेंद्रने लेकराला तिलाच धरून ठेवायला सांगितलं, दार उघडंच ठेवलं आणि बटण दाबलं. रुचिकाने त्याचा बिल्ला कुठे आहे असं विचारलं. त्याने ड्रॉवर उघडून रबरी शिक्क्यांमधून काढून दाखवला.

"लावत नाही का?"

"लावला का रीडिंग जास्त येते. मग वरून विचारपूस होते," भूपेंद्र समजुतीने म्हणाला. "ड्रॉवरमध्ये सेफ राहते."

वर चहा आला. रुचिकाने कप खाली ठेवला आणि अगदी आदराने विचारलं, "काकू, नागपूरच्या त्याच डॉक्टरकडे यांचाबी नंबर लावून टाकू का? दोघांची तपासणी संगच होऊन जाईल."

पुष्पाबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "माणसायले काही होत नाही," त्या म्हणाल्या.

स्थळ चहाबरोबरच संपलं. परतीच्या बसमध्ये अर्ध्या वाटेवरचं अड्याळ मागे पडलं. मग गोपाळरावांनी डॉक्टरकडे फोन लावला आणि आता येण्याची गरज उरली नाही, म्हणून सांगितलं. गरज आधीही नव्हती, असं ते म्हणाले नाहीत. रुचिका ते म्हणायची वाट पाहत खिडकीबाहेर बघत राहिली. पवनी आली.

गावात बोललं गेलं, की पोरीच्या डोक्यात रेडिएशन गेलं. सत्कार करणारेच हे सगळ्यात आधी म्हणाले. शेवंताबाईंनी यातून धडा घेतला आणि पुढच्या स्थळाला मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे असं सांगितलं. ती मंडळी खूश झाली. मुलाने दिल्लीला फोन करून सहज विचारलं, कॉम्प्युटरमध्ये म्हणजे कशात? रुचिकाने सगळं सांगितलं, अणुभट्टीसकट. फोन कटला, आणि लगेच मेसेज आला, की इकडे रेंज नाही.

तिने फोन खिशात टाकला, हातमोजे घातले आणि सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसली.