हवा पाहिजे, वारा नको

बाबा अकोल्याला आले तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन धोतरं, शुगरच्या गोळ्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानवेलीची एक कांडी होती. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. आई गेल्यापासून ते अंजनगावला एकटेच राहत. पानमळा मोडला होता, जमीन माझा चुलतभाऊ पाहत होता. चक्कर येऊन एकदा विहिरीच्या काठावर पडले, तेव्हा मी गेले आणि जवळजवळ उचलूनच त्यांना घेऊन आले.

जठारपेठेत दुसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे. मी एकटी राहते, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळते. बाबांनी आल्याआल्या सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या आणि विचारलं, "काहून वं, इथं माती कोठी हाय?"

माती कुठून असणार? खाली पार्किंगमध्येसुद्धा फरशी.

"मंग मी इथं का करू? टीव्ही पाहू दिवसभर?"

मी म्हटलं, तुमची वेल लावू ना मागच्या खोलीत. त्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "या डब्ब्यात पानवेल? जगली तं मी जल्मभर इथंच राह्यतो. नाई जगली, तं अखाजी झाली का मले अंजनगावच्या गाडीत बसवून दे. मंग रडू नको."

"ठरलं," मी म्हटलं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून तीन महिने होते. खाण तशी माती. हट्टात आम्ही दोघंही एकमेकांना हार जाणारे नाही.

सरळच सांगते, वेलीचं मला काही पडलं नव्हतं. मला बाबा घरात पाहिजे होते. रोज संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरायचा मला कंटाळा आला होता, आणि अंजनगावहून फोन आला की बाबांचं काही झालं असेल, असंच वाटायचं.

पण पानवेल म्हणजे भारी नखऱ्याचं प्रकरण. तिला ऊन सोसत नाही, अंधार चालत नाही, कोरडेपणा तर अजिबात नाही. आमच्या मळ्याला चारी बाजूंनी कूड होता, म्हणजे काड्यागवताची दाट भिंत, आणि वर शेवरीची सावली. आत कुणीही चपला घालून जायचं नाही. लहानपणी एकदा मी तशीच शिरले, तर बाबांनी मला बखोटीला धरून कुडाबाहेर उभं केलं होतं. मळा म्हणजे देऊळ, असं ते म्हणायचे. आता शुगरमुळे त्यांच्या पायाची जखम लवकर भरत नाही, म्हणून डॉक्टरांनी घरातही चपला घालायला लावल्या आहेत. त्या रबरी चपला फटक फटक वाजवत ते माझ्या मागच्या खोलीत यायचे आणि कमरेवर हात ठेवून माझी फजिती पाहत उभे राहायचे.

मी लोखंडी रॅक उभा केला. तीन बाजूंनी प्लास्टिक, वर झाडांसाठीचे एलईडी दिवे. डिप्लोमा मी अमरावतीला केला, तिथल्या जुन्या ओळखीच्या दुकानातून एक छोटा बोर्ड, हवेतला ओलावा आणि तापमान मोजणारा सेन्सर आणि दोन रिले आणले. रिले म्हणजे बोर्डानं सांगितलं की वीज चालू-बंद करणारं बटण. ते टक् करून वाजतं, म्हणून बाबांनी त्याचं नाव टकटक्या ठेवलं. दिव्यांचा जांभळा उजेड पाहून म्हणाले, "वरात कोणाची हाय?"

"तुमच्या वेलीची."

"बल्बावर कोठी पान येते का, बाई?"

आलं की. माघ सरता सरता कांडीला कोंब फुटला, आणि मग एक कोवळं पान, लुसलुशीत, अगदी तळहातावर घ्यावंसं. माझा बोर्ड वेळेवर सकाळ करत होता, वेळेवर सांज. चहा घेऊन बाबा मागच्या खोलीत बसायला लागले. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

मग चैत्र आला. अकोल्याचा चैत्र, दुसरं काय सांगू. खोली भट्टीसारखी तापली. बाबा म्हणाले, "तिचा जीव घाबरून राह्यला. हवा दे तिले."

आता आमच्याकडे उन्हाळ्यात हवा म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. पाहुणा घरात आला की पहिला प्रश्न, हवा येऊन राह्यली का? म्हणजे कूलरची. मी छोटा कूलर रॅकसमोर आणला, टकटक्याला जोडला, खोली तापली की आपोआप सुरू होईल असं बोर्डाच्या प्रोग्राममध्ये लिहून टाकलं, आणि ऐटीत कॉलेजला गेले. रोज तेच. आठवड्याभरात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, आणि वेल आधाराच्या काठीवरून सुटून खाली लोंबायला लागली.

"सेन्सरच बेकार निघाला," मी म्हटलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाबा म्हणाले, आणि आपली पिशवी भरून दिवाणखान्यातल्या खुर्चीवर ठेवली.

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "हवा दे म्हनलं तुमीच, अन् आता मलेच बोलून राह्यले?"

"म्या हवा म्हनलं व्हतं. तू वारा देल्ला."

"फरक काय त्याच्यात?"

मळ्यातच उभे असल्यासारखा त्यांनी हात वर केला. "कुडात उभं राह्यलं का घाम वाळते ना? वाळते. अन् पान हालते का? नाई हालत. पान हाललं का तो वारा. पान न हालता घाम वाळला, ते हवा."

मी कूलरकडे पाहिलं. आणि मग पेचकस घेऊन तो खोललाच. त्याची पाण्याची मोटर तेवढी ठेवली. रॅकच्या उघड्या बाजूला तरट लावलं, ओलावा कमी झाला की मोटर त्यावर पाणी सोडेल अशी जोडणी केली. वरच्या कोपऱ्यात जुन्या कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे उलटे बसवले, म्हणजे वेलीवर न फुंकता आतली गरम हवा नुसती बाहेर ओढतील. वेग इतका कमी ठेवला की पाती मोजता यावीत. मग तरटापाशी उदबत्ती लावली. धूर सावकाश आत गेला, वेलीच्या मधून चढला आणि पंख्यातून निघून गेला. एकही पान हललं नाही.

बाबांनी आत हात घातला, मनगटापर्यंत, आणि बराच वेळ काढला नाही. "हे तुह्या डोक्यातून आलं?" म्हणाले. हो म्हणताना माझी मान इतकी ताठ झाली होती की नंतर दुखली.

वेलीनं पुन्हा काठी धरली. नवी पानं आली, गर्द, रुंद, अंजनगावची. पिशवी मात्र खुर्चीवरच होती. मीही ती उचलली नाही आणि त्यांनीही नाही.

अखाजीला आईच्या नावानं घागर भरली. ती गेल्यावरची पहिली अखाजी. घागरीपुढे विडा ठेवायचा, म्हणून मी बाजारातून पानं आणायला निघाले, तर बाबा म्हणाले, "थांब. इकत काहून आनतं?" आणि आत गेले.

बराच वेळ झाला तरी आले नाहीत. पाहायला गेले, तर मागच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर त्यांच्या रबरी चपला काढून ठेवलेल्या. नीट, जोडीनं. डॉक्टरांनी पाहिलं असतं तर रागावले असते.

आतून त्यांचा आवाज येत होता. चुलतभावाचा फोन होता, गाडीवर उतरवून घ्यायला कधी येऊ, विचारत असणार.

"मी मळ्यात हावो," बाबा म्हणाले. "मंग बोलतो."

मी माझ्या चपला त्यांच्या चपलांशेजारी काढल्या आणि आत गेले.