चांगुणाचा साबण

केडगावात पुणे रस्त्याला लागून रंगनाथ मिस्त्रीचं दुकान आहे. पाटी कधीच वाऱ्यानं उडून गेली आणि नवी लावायची त्याला गरज पडली नाही. शर्यतीत गाड्या फोडून घेणारी पोरं थेट नाशिक-साताऱ्याहून पत्ता विचारत येतात. कुणाचा रॉड तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भगदाड पडलेलं असतं, कुणाचं हेड, म्हणजे इंजिनावरचं झाकण, तापून तडकलेलं असतं. ब्लॉक बिडाचा, ओतीव लोखंडाचा. त्याला रंगनाथ भट्टीत तापवतो, सांधतो आणि राखेत पुरून सावकाश निववतो. अॅल्युमिनियमचं हेड मात्र महाबेरकी. लोखंड तापलं की लाल होतं, सांगतं तरी. हे शेवटपर्यंत पांढरंफटक राहतं आणि एकदम वितळून खाली बसतं. म्हणून रंगनाथ भेगेपासून जरा लांब त्याच्यावर साबण घासतो. आच लागत जाते तसा साबण पिवळा, मग तांबूस, मग काळपट होतो. काळपट झाला की वेल्डिंगला हात घालायचा. ही खूण त्याच्या उस्तादानं त्याला शिकवली.

आता हा साबण कुठला? दुकानात कपड्याच्या साबणाची वडी ठेवलेली असायची, पण ऐन वेळी ती कधी सापडली असेल तर शपथ. दुकानामागंच घर. रंगनाथ दोन ढांगांत न्हाणीत जायचा आणि बायकोचा, चांगुणाचा, चंदनाचा साबण उचलून आणायचा. थोड्या वेळानं आतून हाक यायची, "अवो, माझा साबन कुठं गेला?" निम्म्या केडगावाला ऐकू जायची. गिऱ्हाईक हसायचं. रंगनाथ समोरच्या किराणा दुकानातून मुकाट नवी वडी आणायचा. न्हाणीचं दार किलकिलं व्हायचं, बांगड्यांचा ओला हात बाहेर यायचा आणि वडी घेऊन आत जायचा.

"लोकांनी गाड्या पळवायच्या, लोकांनी फोडायच्या, अन् जळायचं कुनी? माझ्या साबनानं!"

रंगनाथला हे बोलणं ऐकायला आवडायचं. दुकानातली वडी सापडत नव्हती ती त्यामुळंच, असं म्हणायला जागा आहे.

मार्गशीर्षात एका सकाळी चांगुणा चहा टाकायला उठली आणि ओट्यापाशीच खाली बसली. दवाखाना येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेराव्यानंतर कोल्हारला दिलेली लेक, दिपाली, आईची पातळं वाटून मोकळी झाली. चपला गेल्या, चष्मा गेला. वापरलेला साबण कुणाला देत नाहीत, म्हणून तेवढा न्हाणीतल्या फळीवर उरला. दिपाली तो टाकायला निघाली तसा रंगनाथ खेकसला, "राहू दी म्हनलं ना तिथंच!" जन्मात पहिल्यांदा तो लेकीवर ओरडला होता.

अर्धा झिजलेला, चांगुणाच्या बोटांनी मधे खोलगट झालेला साबण. त्याला तिचा एक लांब, पिकला केस चिकटलेला होता. रंगनाथचा स्वतःचा लाल साबण खाली दगडावर असायचा. पाणी फळीपर्यंत उडू नये म्हणून तो बेतानं तांब्या ओतायचा. अंग पुसून झालं की फळीवरचा साबण उचलायचा, नाकापाशी धरायचा आणि होता तसा परत ठेवायचा. तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. एरवी त्याचं कशात मन नव्हतं. बिडाचे ब्लॉक तेवढे घ्यायचा, हेडं परत पाठवायचा.

चैत्रात सुप्याचा ओम आला. हा तिकडं कारखान्यात कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी मातीच्या ट्रॅकवर जिप्सी पळवायचा.

"काका, परवा शर्यत हाय. सरावातच गरम झाली. दुसरं कोन हात लावीना. तुमीच बघा."

हेडला दोन व्हॉल्व्हच्या मधोमध भेग गेली होती. पोराचं उतरलेलं तोंड बघून रंगनाथला नाही म्हणवेना.

भेग कोरून झाली. हेड धुऊन गॅसच्या आचेवर चढलं. रंगनाथचा हात दुकानातल्या फळकुटावर गेला, कपड्याच्या साबणाची वडी तिथं नव्हती. स्वतःलाच शिव्या घालत तो उठला, मागं गेला, आला आणि घासायला लागला. मन सगळं त्या भेगेत. पाय आणि हात आपल्या सवयीनं चालले होते. चांगुणा आता नाही, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? इतके महिने कोरडा पडलेला साबण हातात भुगा झाला. "कसले साबन आनतेत," असं रंगनाथ पुटपुटलासुद्धा, आणि तो सगळा भुगा त्यानं अंगठ्यानं दाबून हेडवर पसरला.

मग चंदनाचा वास आला.

रंगनाथनं तापल्या हेडवर उघडा हात घातला.

"काका! हात! हात!" ओमनं त्याला मागं ओढलं. बोटं पोळली होती. त्यांना चिकटून काळपट चिखल तेवढा आला. केस तर कधीच जळून गेला होता. आणि त्याच वेळी खूण पटली होती, साबण हवा तेवढा काळा पडला होता. आता थांबलं तर हेड बसणार, पोराची शर्यत जाणार. रंगनाथनं वेल्डिंगची काच तोंडावर ओढली. रडलं तर हात हलतो, म्हणून त्यानं रडणंही थांबवून धरलं. भेग सांधली गेली. इतकी सरळ रेघ त्याच्या हातून कित्येक दिवसांत उमटली नव्हती.

हेड निवायला ठेवल्यावर ओमनं विचारलं, "काका, काय झालं हो?"

"काय न्हाई. साबन संपला."

रंगनाथ रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. चंदनाची वडी घेतली. मागं आला तर न्हाणीचं दार वाऱ्यानं लागलेलं. रंगनाथनं नेहमीसारखी कडी वाजवली आणि वडी धरलेला पोळलेला हात पुढं केला.

दार किलकिलं झालं नाही.

"आनलाय गं," तो म्हणाला. "एकदा वरड तरी."

आणि वडी छातीशी धरून तो तिथंच दारात बसला आणि ढसाढसा रडला.