बारशाच्या दिवशीचं गाणं

आई मला पहिल्यापासून चोंबडी म्हणते, आणि ते खोटं नाही. कुणाच्या घरात काय शिजतंय, लिफ्टमधली बाई कुठे निघालीय, समोरच्यांचा पाहुणा कधी जाणार, हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. पण एका गोष्टीचा छडा पन्नाशी उलटली तरी लागला नव्हता. ती म्हणजे लहानपणी ऐकलेलं एक गाणं.

माझे बाबा साताऱ्याहून नायजेरियाला गेले होते, शाळेत गणित शिकवायला. पूर्वेकडचं एक छोटं गाव होतं, सगळी वस्ती इग्बो लोकांची. संध्याकाळी कुठून ना कुठून वाजवणं कानावर यायचंच. लोखंडी घंटेवर काठी पडायची, लाकडी बासरी मध्येच शीळ घालावी तशी वाजायची, आणि बायकांचं ते मडकं! त्याच्या पोटाला एक भोक असायचं. तोंडावर तळहात आपटला की आतून असा काही घुमारा निघायचा की माझ्या बेंबीपर्यंत पोचायचा. मी घरातल्या पाण्याच्या मडक्यावर हा प्रयोग केला. मडकं फुटलं आणि पाठीत धपाटा बसला.

मला हवं असलेलं गाणं मात्र एकदाच ऐकलेलं. मी सात वर्षांची असताना माझा भाऊ तिथे झाला. त्याच्या बारशाच्या दिवशी गावातल्या बायका मडकी घेऊन आमच्या अंगणात आल्या आणि दिवेलागणीपर्यंत गायल्या. नाचत होत्या, हसत होत्या, काही तर ढसाढसा रडत होत्या. तसा आनंद मी पुन्हा कुठे पाहिला नाही. साधं बारसं, त्यात रडण्यासारखं काय होतं? शब्द मी विसरले, चाल तेवढी राहिली.

आईला विचारायची सोय नव्हती. ती चाल गुणगुणली तरी तिच्या कपाळाला आठी. शेजारच्या मास्तरांची बायको तिची तिथली एकुलती एक मैत्रीण. पाठीला तान्हं मूल बांधून रोज यायची, आईकडून विणकाम शिकायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तासन्‌तास बसायच्या. आणि आई बाळंत होऊन घरी आल्यावर ही बया दहा दिवस फिरकली नाही. "विणायला शिकून झालं, गरज सरो नि वैद्य मरो," आई म्हणायची. परक्या मुलखात, अंगात ताकद नाही, जवळ आईबहीण नाही, आणि मैत्रिणीनं तोंड फिरवलेलं. आई ते कधीच विसरली नाही. त्या लोकांची गाणीबजावणी तेवढी खरी, माया खोटी, हा तिचा शेवटचा शब्द.

आता बाबा नाहीत. आई ऐंशीची झाली आहे आणि हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे बहरीनला येते. मी मनामातल्या नईम भागात राहते, हिशेबनिशीची नोकरी करते. गेल्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहायला आली. मुहर्रकला विमानतळावर कामाला, शिफ्टची ड्युटी. एका शुक्रवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात वरून मडक्याचा तो घुमारा आला. माझ्या हातातला चिमटा खालच्या गाडीवर पडला.

रिकाम्या हातानं कुणाकडे जाऊ नये म्हणून साबुदाण्याचे वडे तळले आणि गेले वर. ती इग्बोच निघाली. फोनवर गावाकडचं कसलंसं रेकॉर्डिंग लावलं होतं. मी उंबऱ्यातच, ओळख ना पाळख, माझी चाल गाऊन दाखवली. ती आधी बघतच राहिली, मग खो खो हसली. म्हणाली, गावागावाची चाल वेगळी असते, पण हे बाळाच्या जन्माचं गाणं वाटतंय. तुला कोणी शिकवलं?

मग मी सगळं सांगत बसले, आणि तिचे प्रश्न सुरू झाले. माझ्याहून चोंबडी! गाणं बारशाला का? आमच्याकडे तर बाळ सुखरूप झाल्याची बातमी आली की लगेच बायका गात येतात. घरचे त्यांना पांढरी पावडर देतात, ती गळ्याला, तोंडाला फासून त्या नाचत परत जातात. रस्त्यात दिसणाऱ्याला न सांगता कळतं की कुणाकडे तरी बाळ आलंय. तुमच्याकडे पहिल्या दिवशी कोणी आलंच नाही?

आणि मला आठवलं. आल्या होत्या. आई बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी बायका दारात गात आल्या होत्या. पण घरात सोयर! दहा दिवस शिवाशिव नको, बाळाला दृष्ट नको, म्हणून आईनं दारंखिडक्या लावून घेतलेल्या. बाबा बाहेर गेले, गंभीर चेहऱ्यानं हात जोडले आणि मान हलवली. गाणं जागच्या जागी थांबलं. भाऊ दिवस भरायच्या आत झालेला, त्याचं रडणं मांजराच्या पिल्लाएवढं, ते बाहेर कुठलं ऐकू जाणार? बाहेर जाऊन आलेल्याला बाळाजवळ मज्जाव होता, म्हणून मीही घराबाहेर पडले नाही. शाळेत जो तो बाबांचा हात हातात घेऊन दाबायचा, आणि बाबांना वाटायचं, अभिनंदन करतायत.

वरच्या बाईचं हसू मावळलं होतं. "पावडर नाही, दार बंद, बापाचा चेहरा असा," ती हळूच म्हणाली. "त्यांना वाटलं असणार, बाळ गेलं."

 बारशाला आई पहिल्यांदा ओसरीवर आली ती बाळाला घेऊन. शेजारणीनं ते पाहिलं आणि किंचाळत धावली होती. म्हणून ती गर्दी, म्हणून ते रडणं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी ज्याला बारशाचं गाणं म्हणत होते, ते मेलेलं मूल जिवंत दिसल्याचं गाणं होतं.

शेजारणीबद्दलही मी विचारून घेतलं. तिच्या पाठीला स्वतःचं तान्हं होतं ना, वरची बाई म्हणाली. जिचं मूल गेलंय तिच्यासमोर तान्हं घेऊन कशी जाईल? मीसुद्धा गेले नसते.

खाली आले तेव्हा आई मेथी निवडत होती. सांगावं की न सांगावं? ऐंशीच्या बाईच्या मनातला जुना राग काढून घेतला तर त्या जागी काय येईल, याची मला भीती वाटली. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. सांगितलं सगळं. आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बारशाला तिनं न विचारता बाळ उचललं माझ्या हातातून. आकाशाकडे धरलं. रडत होती गं. मला वाटलं, न धुतलेले हात, दृष्ट लागेल. मी हिसकावून घेतलं त्याला आणि आत जाऊन दार लावलं."

"तुला काय माहीत होतं आई?"

"त्यानंतर दोन वर्षं होतो आपण तिथे. ती रोज हाक मारायची. मी एकदासुद्धा ओ दिली नाही."

तिनं साडी बदलली, केस विंचरले आणि मला वर घेऊन चल म्हणाली. कशाला, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नाही. वरच्या बाईनं दार उघडलं. मी ओळख करून द्यायच्या आत आईनं तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि तिला येणाऱ्या चार इंग्रजी शब्दांतला एक म्हणाली, "सॉरी."

ती बाई तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती. पण तिनं कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "आय नो, ममा," म्हणाली आणि आईला जवळ घेतलं.